पांदीच्या टोकाला

पहिली पाळी करून कल्याण घरी आला तेव्हा दार सताड उघडं होतं. चप्पल काढून तो आत पाऊल टाकणार, तोच बायकोनं हात आडवा करून त्याला उंबऱ्यातच थोपवला. "तिथंच थांबा. जवळ येऊ नका," पंकजा म्हणाली, आणि तेही मान वर न करता. आता चौदा वर्षांच्या संसारात माणसाला बायकोकडून बरंच काही ऐकून घ्यावं लागतं, त्याला कुणाचीच ना नसते. पण आठ तास लेथवर उभं राहून, एप्रिलच्या उन्हात गाडी तापवत एमआयडीसीतून आलेल्या माणसाला त्याच्याच दारात 'जवळ येऊ नका' म्हणजे जरा जास्तच झालं. खोलीच्या मधोमध जुनी साडी अंथरलेली. तिच्यावर लाउडस्पीकरचा जुना कर्णा पालथा घातलेला, कर्ण्यामागचं युनिट खोलून स्क्रू ताटलीत काढलेले, आणि पंकजा ते जड युनिट दोन्ही गुडघ्यांत धरून आत फुंकर घालत बसलेली. कारण तिनं लगेच सांगितलं, आणि ते रास्तही होतं. युनिटातलं लोहचुंबक उघडं पडलं होतं. कारखान्यातल्या कपड्यांना लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो. त्यातला कणभर जरी चुंबकाच्या फटीत ओढला गेला, तर आवाजाला खर लागते, तो खरखरत येतो. तेव्हा आधी मोरीत जाऊन कपडे बदला, हातपाय धुवा, मग काय ते बोला. कल्याण भिंतीला पाठ लावून, परक्याच्या घरात शिरल्यासारखा, कडेकडेनं मोरीत गेला. सदरा काढून झटकला तेव्हा ओल्या फरशीवर खरंच चमचम सांडली. हाच कीस चौदा वर्षं त्याच्या केसांत होता, उशीवर होता, कधीमधी भाकरीतसुद्धा दाताखाली यायचा, आणि पंकजानं एका शब्दानं कधी कुरकुर केली नव्हती. आज एका पत्र्याच्या नरसाळ्यासाठी तो कीस तिला खुपला. पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतताना त्याच्या पोटात काहीतरी दुखायला लागलं. त्या दुखण्याला मराठीत चांगलं नाव आहे, पण स्वतःच्या पोटात असतं तेव्हा माणूस ते नाव घेत नाही.

कर्णा पंकजाच्या माहेरचा. घोडेगावच्या अलीकडचं गाव; तिथं तिचे वडील, सहादेवआण्णा, यांची साऊंड सर्व्हिस होती. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायरचं मशीन, एक माईक आणि एक बैलगाडी, नंतर सायकलीचं कॅरेज. लग्न असो, जत्रा असो, हरवलेली शेळी असो, पंचक्रोशीत जे काय बोललं जाई ते आण्णांच्या कर्ण्यातून. आण्णांना मुलगा नव्हता, म्हणून पोर माईकवर. सात-आठ वर्षांची असल्यापासून पंकजा लग्नात आहेर पुकारायची: अमक्या गावच्या तमक्या पाहुण्यांकडून नवरदेवाला टोपी-टॉवेल, मामाकडून पूर्ण पोशाख. एकाही पाहुण्याचं नाव तिच्या तोंडून कधी चुकलं नाही, आणि नाव चुकलं की दोन घरांत दहा वर्षांचा अबोला धरणाऱ्या मुलखात ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढे डीजे आले, कर्णे माळ्यावर गेले, एक कर्णा कुणी उचलून नेला तो नेलाच. गेल्या दिवाळीत आण्णाही गेले. आणि परवाच्या मंगळवारी, ध्यानीमनी नसताना, उरलेला कर्णा गोरक्षच्या दुधाच्या टेम्पोत बसून नगरला कल्याणच्या दारात आला.

हा गोरक्ष म्हणजे पंकजाच्या शेजारच्या घरातला, तिच्याच वयाचा, आण्णांच्या हाताखाली वाढलेला. कल्याणनं त्याला चौदा वर्षांत पाच-सहा वेळा पाहिला असेल, त्यातही मांडवाच्या गर्दीत. आता टक्कल पडलेलं, अंगानं सुटलेला, हातात दुधाचा वास. त्याच्या थोरलीचं लग्न धरलं होतं, आणि त्याचा एकच हट्ट होता: मंगलाष्टकं आण्णांच्या कर्ण्यातून व्हायची. डीजे नको, काही नको. कर्ण्याला गंज चढलाय, आत कुंभारीण माशीनं मातीची घरं केलीत, पण पंकजाचा हात लागला तर बोलेल, असं त्याचं म्हणणं. म्हणाला ते काय म्हणाला, ओरडूनच म्हणाला. दहा बाय बाराच्या खोलीत हा माणूस दहा एकरांत उभा असल्यासारखा बोलत होता. "दाजी, तुमची परवानगी हाय ना?" असं कल्याणला म्हणाला, आणि उत्तर ऐकायला न थांबता पंकजाकडे वळला. कल्याणनं चांगुलपणानं विचारलं, हल्ली दूध किती गावांचं गोळा करता. त्यावर त्यानं नुसतं हसून चहाचा घोट घेतला. आणि पंकजा बोलायला लागली की त्याची नजर तिच्या तोंडावर जी खिळायची ती हलायची नाही. डोळ्यांवर नाही, चेहऱ्यावर नाही, ओठांवर. अर्धा तास. कल्याण समोर खुर्चीवर बसला होता, तो काय भिंतीवरचं कॅलेंडर होता? टेम्पो गेल्यावर त्यानं विषय काढला नाही. विषय काढायला कारण लागतं, आणि 'तो तुझ्या तोंडाकडे बघतो' हे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला म्हणायलासुद्धा लाज वाटते.

मग रोज तेच. तो पाळी करून यायचा, उंबऱ्यात थबकायचा, कडेकडेनं मोरीत जायचा. मुलगी सुकन्या सुट्टीला पंकजाच्या आईकडे, रंगुबाईंकडे गेलेली, त्यामुळे घरात तिघंच: तो, ती आणि कर्णा. पंकजानं आतली मातीची घरं उलथन्यानं हलकेच सोडवली, पाखरांनी कोंबलेल्या काड्या काढल्या, चिंचेच्या कोळानं आतलं ॲल्युमिनियम घासून असं लख्ख केलं की त्यात तिचं तोंड वाकडंतिकडं दिसायला लागलं. चुंबकाची फट पुसायची रीत आण्णांची होती: जुन्या लग्नपत्रिकेची अरुंद पट्टी कापायची, तिला चिकटपट्टी उलटी गुंडाळायची, आणि ती फटीतून गोल फिरवायची. पट्टी काळी निघाली की दुसरी. कागद जाड हवा आणि गुळगुळीत हवा, म्हणून पत्रिकाच. कपाटातल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातून तिनं चार-पाच काढल्या, आणि कल्याणच्या डोळ्यांदेखत त्यात त्यांच्या स्वतःच्या लग्नाचीही एक कापली. अजून वीस पडल्यात की, म्हणाली. खरंच वीस पडल्या होत्या. तरी त्या पट्टीवर अर्धवट उरलेला 'चि. क' त्याला दिवसभर लेथवर दिसत राहिला. काम करताना ती गुणगुणायची, मधेच हसायची. काय झालं म्हणून विचारलं तर सांगायची, पण सांगण्यात तो माणूस यायचाच. आण्णा, मी आणि गोरक्ष. मी, गोरक्ष आणि आण्णा. पानात मीठ वाढावं तसा प्रत्येक गोष्टीत तो वाढलेला. त्या सगळ्या गोष्टींतली एक मात्र कल्याणच्या जिव्हारी लागली, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं.

गोष्ट अशी. कर्णा दुरुस्त झाला की तो घरात तपासून भागत नाही. जवळून सगळंच गोड वाटतं. खर असते ती लांबून कळते. म्हणून आण्णा मशीनपाशी बसायचे, पंकजा माईक धरायची, आणि गोरक्षला पाठवायचे शेतांमधल्या पांदीच्या पार टोकाला, विहिरीपलीकडच्या बाभळीखाली, हातात पांढरा पंचा देऊन. आवाज स्वच्छ पोचला की त्यानं पंचा वर करायचा. खोटा पंचा दाखवायचा नाही, आणि पंचा दाखवल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे दोनच नियम. आणि माईकवर एक-दोन-तीन म्हणायचं नाही. आण्णांचं म्हणणं, एक-दोन-तीन अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं माणूस मनानं भरून घेतो. स्वतःचं नाव मात्र जरासं जरी वाकडं आलं तरी माणसाला खटकतंच. तेव्हा जो लांब उभा, त्याचंच नाव पुकारायचं. एकदा म्हणे आवाजाची खर जाता जाईना. सकाळपासून दुपार झाली, पोरगं बाभळीच्या अर्ध्या सावलीत उभं, पंचा काही हलेना. आण्णा युनिट खोलतायत, लावतायत, आणि पंकजा पुकारतेय: गोरक्ष. गोरक्ष. चाळीस वेळा तरी पुकारलं असेल, ती हसत म्हणाली. अख्ख्या गावाला पाठ झालं. बायका विहिरीवर चिडवायच्या, पंकीनं आज गोरक्षचा जप केला. हे सांगताना तिच्या हातातली पट्टी फटीतून गोल गोल फिरत होती आणि तिचे डोळे पट्टीवर नव्हते. कल्याणनं विचारलं, मग शेवटी हलला का पंचा? "हलला की. पर खरं झाल्यावरच. खोटं त्याच्या अंगातच न्हाई," पंकजा म्हणाली, आणि नवी पट्टी कापायला घेतली.

चाळीस वेळा. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी लेथवर त्याला तो आकडा चढत गेला. जॉब फिरतोय, टूल चालतंय, आणि फिरण्याच्या प्रत्येक वळशाला गोरक्ष, गोरक्ष. कारण त्याला आता एक हिशेब लागला होता, आणि तो असा की चौदा वर्षांत पंकजानं त्याचं नाव शून्य वेळा घेतलं होतं. घ्यायचंच नसतं, नवऱ्याचं नाव कुणाची बायको घेते? त्याच्या आईनं घेतलं नाही, रंगुबाईंनी घेतलं नाही. हाक मारायची तर 'अहो', दुसऱ्याला सांगायचं तर 'सुकन्याचे पप्पा', आणि मोबाईलमध्येसुद्धा तो 'सुकन्याचे पप्पा' म्हणूनच साठवलेला. रीतच ती, त्याबद्दल आजवर त्याला काही वाटलंही नव्हतं. एकदाच घेतलं होतं, लग्नात, घास भरवताना बायकांनी अडून बसून उखाणा घ्यायला लावला तेव्हा. पण नेमकं त्याच घडीला आण्णांच्या कर्ण्यातून आहेर पुकारायला सुरुवात झाली होती. दुसरंच कुणी बोलत होतं माईकवर, मोठ्या तोंडानं. कोण, ते आठवायची आता गरज नव्हती. आण्णांच्या माईकवर पंकजाखेरीज गोरक्षशिवाय दुसरं कोण बसणार? कल्याणला तिचे ओठ हललेले दिसले, भोवतीच्या बायका खिदळलेल्या दिसल्या, आणि कानात मात्र शिरलं 'वांबोरीकर पाहुण्यांकडून टोपी-टॉवेल.' असं ते एकुलतं एक नाव त्या कर्ण्यानंच गिळलं. आणि तसं पाहिलं तर आता त्याचं नाव घेणारं उरलं होतं कोण? कारखान्यात तो सात नंबर. सुपरवायझर आडनावानं ओरडायचा, पोरगी पप्पा म्हणायची. आई होती तोवर श्रीगोंद्याला, उसाच्या बांधावर उभी राहून, ती दुपारच्या जेवणाला हाक मारायची. आठ फुटी उसातून ती हाक यायची तेव्हा तिचा 'क' वाटेतच कुठंतरी अडकायचा, नुसतं 'ल्याण' पोचायचं. तो मुद्दाम पहिल्या हाकेला ओ द्यायचा नाही. दुसरी यावी, तिसरी यावी, म्हणून पाटात पाय सोडून बसून राहायचा. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. म्हणजे नऊ वर्षांत हे नाव फक्त मतदार यादीत आणि पगाराच्या चिठ्ठीवर होतं, आणि इकडे गोरक्षचं नाव पांदीपांदीनं, शिवारभर, चाळीस वेळा. त्यात तो मेला ओठांकडे बघतो.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तो घरी आला तेव्हा दार उघडं होतं आणि कुणी हात आडवा केला नाही. पंकजा शेजारच्या झुंबरबाईंबरोबर गच्चीवर पापड वाळत घालायला गेली होती. वरून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. युनिट साडीवर तसंच उघडं, फट पुसून स्वच्छ, बाजूला युनिटात बसवायचा नवा पडदा कागदात गुंडाळलेला. पट्ट्या शेवटी अगदी पांढऱ्या निघाल्या होत्या, तिनं त्या दाखवायला मुद्दाम ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कल्याण मोरीत गेला नाही. उंबरा ओलांडून सरळ साडीपाशी आला आणि उभा राहिला. खाली वाकून पाहिलं तर ती फट किती बारीक, नखाएवढी. एवढ्याशा जागेतून म्हणे गावभर आवाज जातो. मग त्यानं डाव्या बाहीची घडी उलगडली. त्यानं हे ठरवून केलं का, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, आणि चोराला विचारून चोरी कळत नसतेच. पण आपण खरं बोलू: बाही त्याची होती, हात त्याचाच होता, आणि घडी आपोआप उलगडत नाही. चिमूटभर कीस खाली पडला, आणि वाऱ्यानं इकडेतिकडे जायच्या ऐवजी गुळाला मुंग्या लागाव्यात तसा सरळ फटीकडे धावला आणि आत नाहीसा झाला. कल्याण दचकून मागं सरला. झाल्यावर पाच मिनिटं तो मोरीत नळ सोडून नुसताच उभा होता, आणि पोटातलं दुखणं थांबलं होतं, हेही इथंच सांगितलं पाहिजे.

ते थांबलं तेवढ्यापुरतंच. कारण संध्याकाळच्या आत पंकजानं नवा पडदा बसवला, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले, वरचं झाकण लावलं, आणि दारातल्या खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "झाकलं आता. या जवळ, बॅटरी धरा." आठ दिवसांत पहिल्यांदा. तो जवळ जाऊन बसला, बॅटरी धरली, तिनं तारेला सोल्डर केलं, धुरानं दोघांचे डोळे चुरचुरले. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. काय छान धरता तुम्ही बॅटरी, हात हलत नाही, लेथवाल्याचा हात, असं ती कौतुकानं म्हणाली. आण्णा असते तर तुम्हालाच हाताशी घेतलं असतं म्हणाली. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. चार स्क्रू तर काढायचे होते. पण सांगायचं म्हणजे बाहीचं सांगायचं, बाहीचं सांगायचं म्हणजे ओठांचं सांगायचं, आणि मग चाळीस वेळांचं. त्यानं बॅटरी आणखी घट्ट धरली. मशीन घरात नव्हतं, ते माहेरी. त्यामुळे आवाज काढून बघायचा प्रश्नच नव्हता. रविवारी गावी जाऊन मग बघू, असं ठरलं, आणि कल्याणला मधले दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. खाई त्याला खवखवे, ही म्हण कुणीतरी पोटातूनच काढलेली असणार.

रविवारी कर्णा मांडीवर घेऊन पंकजा मोटरसायकलवर मागं बसली. शिंगणापूरला निघालेल्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत ते दहाच्या सुमाराला गावात पोचले. रंगुबाईंनी मशीन फडक्यानं पुसून अंगणात आणून ठेवलं होतं, सुकन्या आजीच्या पदराशी, आणि गोरक्ष आधीच हजर. त्यानं कर्णा ओसरीच्या मेढीला दोरीनं बांधला, तारा जोडल्या, आणि मशीनशेजारी मांडी घालून बसला. पंकजानं खुंटीवरचा पांढरा पंचा काढला आणि कल्याणच्या हातात दिला. पांदीनं सरळ जा म्हणाली, विहिरीपलीकडं बाभूळ हाय, तिच्याखाली उभं ऱ्हावा. कल्याणच्या हाताला तो पंचा एकदम जड वाटला. मनात चांदणं असलेल्या माणसाचं तोंड अशा वेळी आपोआप कडू होतं, तो म्हणाला, "मी कशाला? गोरक्ष हाय की तुझा हुकमी माणूस. त्यालाच पाठव."

पंकजा त्याच्या जवळ सरकली. मग आवाज उतरवून म्हणाली, "त्याला काय ऐकू येतंय आता? दोन वरसं झाली, दोनी कान गेले. तुमाला म्हाईत न्हाई व्हय? माझ्या तोंडाकडं बघून समजून घेतो सगळं."

कल्याणनं गोरक्षकडे पाहिलं. गोरक्ष त्याच्याकडे पाहून हसला, तसाच, चहा पिताना हसला होता तसा. त्याचा उजवा तळवा युनिटच्या पाठीवर चिकटून होता. पंकजा सांगत राहिली: डीजेनं त्याची नुसती छाती हादरते, त्यात काही कळत नाही. पण या कर्ण्याच्या पाठीवर हात ठेवला की त्याला अक्षरं कळतात, असं तो म्हणतो. लहानपणापासून हातात घेतलेला कर्णा. पोरीची मंगलाष्टकं त्याला हातानं ऐकायची आहेत, म्हणून तर एवढी यातायात. खर राहिली तर त्याला सगळं सारखंच लागेल, नुसती थरथर. तेव्हा नीट ऐका, आणि खोटा पंचा दाखवू नका. मधेच रंगुबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, अगं पण नाव कुणाचं घेणार? आणि पंकजा म्हणाली, आण्णाची रीत हाय आई, जो उभा त्याचं नाव.

पांद अर्धा मैल. दोन्ही बाजूंना घायपात, मधे फुफाटा, पायाच्या घोट्यापर्यंत. कल्याण चालत होता आणि त्याला वाटत होतं, आत्ता मागं वळावं, धावत जावं, झाकण उघडायला सांगावं. आणि पाय मात्र पुढेच पडत होते, कारण त्या टोकाला त्याचं नाव येणार होतं. हे दोन्ही एकदम वाटत होतं, आणि कुठलं मोठं ते ठरत नव्हतं. ऐकू न येणाऱ्या माणसाचा त्यानं हेवा केला होता. जो माणूस पंकजाच्या ओठांवरून शब्द वेचून खात होता, त्याच्या पानात त्यानं खडे टाकले होते. विहीर आली, कठड्यावर दोन बायका कपडे आपटत होत्या. बाभूळ आली. सावली खरंच अर्धीच होती. तो तिच्यात उभा राहिला, गावाकडे तोंड करून, पंचा खाली धरून.

आणि नाव आलं. "कल्याण." शिवारावरून, घायपातीवरून, अर्ध्या मैलावरून, तिच्या आवाजात, मोकळं, कसलाही आडपडदा न ठेवता. ती बायको म्हणून बोलत नव्हती, माईकवाली म्हणून बोलत होती, आणि त्यामुळेच त्या नावात लाज नव्हती. पण 'क' फुटला होता. 'ल्या'वर पत्र्यावर खडा ओढावा तशी खर होती, आणि ती खर त्याच्या ओळखीची होती. रोज आठ तास तो तीच ऐकायचा. चौदा वर्षांनी त्याचं नाव तिच्या तोंडातून निघालं, आणि त्याच्याच बाहीतल्या किसातून खरवडून त्याच्यापर्यंत पोचलं. विहिरीवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, सहादेवआण्णाची पंकी नवऱ्याला नावानं हाक मारती बघ. कल्याणनं पंचा हलवला नाही. "कल्याण," पुन्हा आलं, जरा जोरात, आणि जोरात आलं तशी खरही वाढली. पंचा वर केला असता तर तिथंच सगळं मिटलं असतं. कर्णा लग्नाला गेला असता, गोरक्षच्या तळव्याखाली नुसती थरथर झाली असती, आणि कुणालाही कधी काही कळलं नसतं. त्यानं हात खालीच ठेवला. तिसऱ्यांदा नाव आलं, चौथ्यांदा. आता तो खरेपणानं गप्प उभा होता की आणखी एकदा ऐकायला मिळावं म्हणून, उसाच्या पाटात पाय सोडून बसायचा तसा, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हातात पंचाच होता, पण तो तोंडापर्यंत नेला तर लांबून 'आवाज आला' असं दिसेल म्हणून त्यानं तेही केलं नाही. मग नाव यायचं थांबलं.

थांबलं म्हणजे काय चाललं असेल ते त्याला दिसल्यासारखं होतं. ताटली मागवली असेल. चार स्क्रू. झाकण. पडदा अलगद उचलून कागदावर. मग पत्रिकेची पट्टी, उलटी चिकटपट्टी, फटीतून गोल. पट्टी उन्हात धरली की चमकेल. गंज काळा असतो, माती तांबूस असते. लेथचा ताजा कीस चांदीसारखा चमकतो आणि तो त्या गावात कुठंही सापडत नाही, तो नगरच्या एका मोरीत सापडतो. गुरुवारी ओळीनं मांडून ठेवलेल्या पांढऱ्या पट्ट्या तिला आठवतील. पंकजाला समजायला काही वेळ लागणार नव्हता. ती हुशार होती, त्याच्यापेक्षा हुशार होती, हेही त्यानं चौदा वर्षांत एकदाच कबूल केलं, ते त्या बाभळीखाली. जागा सोडता येत नव्हती. सावली सरकली, डोकं उन्हात आलं, विहिरीवरच्या बायका धुणं पिळून गेल्या. मुंग्या पायावर चढल्या त्या त्यानं चढू दिल्या. किती वेळ गेला कोण जाणे, पण गोरक्षही असाच उभा राहिला होता एकदा, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि त्या उभ्या राहण्यात हेवा करण्यासारखं काय होतं हे आता त्याला पायांतून कळत होतं.

"कल्याण."

स्वच्छ. 'क' अख्खा, 'ल्या' गुळगुळीत, शेवटचा 'ण' शिवाराच्या कडेला जाऊन टेकला. इतकं स्वच्छ की तिनं नाव घ्यायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा पोचला, आणि त्या श्वासातून तिला सगळं कळल्याचंही पोचलं. त्यात राग होता का, ते त्यानं कान देऊन शोधलं, सापडला नाही. माया शोधली, तीही उघड सापडली नाही. नुसतं नाव होतं, त्याचं, जसं आहे तसं. त्यानं पंचा वर केला. मग गावभर, पांदभर, देवळापासून विहिरीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पंकजा म्हणाली, "पोचलं. या आता. येताना कपडे झटकून या."

गावातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसेल. पांदीत फुफाटाच तसा होता. कल्याणनं पंचा खांद्यावर टाकला, डाव्या बाहीची घडी उलगडली आणि झटकायला लागला. सदरा सकाळी पंकजानंच घडी मोडून दिलेला, धुतलेला, स्वच्छ होता. तरी तो बराच वेळ झटकत राहिला.